पार्श्वभूमी : सांगलीची सराफी पेढी आणि 14 कॅरेटचा घाव

सांगलीत 1832 मध्ये सुरू झालेली पु. ना. गाडगीळ ही सराफी पेढी आज गाडगीळ कुटुंबाच्या वेगवेगळ्या शाखांत वाटली गेली आहे. त्यांपैकी एका शाखेच्या कंपनीने सप्टेंबर 2024 मध्ये 1,100 कोटी रुपयांची समभागविक्री केली. संस्थानी काळातल्या गोष्टी बहुतेकांनी ऐकलेल्या असतात. 1958 मध्ये पेढी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आली, त्यानंतरचा काळ मात्र फारसा कुणी सांगत नाही. पुण्यात बस्तान बसते न बसते तोच साऱ्या सराफीवर मोठा घाव पडला.

चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याची तस्करी जोरात होती. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले : नवा दागिना 14 कॅरेटच्या वर घडवायचा नाही. कस उतरला की बायकांचा सोन्याचा सोस आपोआप कमी होईल, असा दिल्लीचा हिशेब होता.

घरातला हिशेब वेगळा होता. एका तोळ्याचे 12 मासे. 22 कॅरेटच्या तोळ्यात 11 मासे शुद्ध सोने, 14 कॅरेटच्या तोळ्यात 7 मासे. म्हणजे पाच तोळ्यांच्या पाटल्या अडीनडीला मोडायला काढल्या, तर 20 मासे सोने मुळात नव्हतेच. ज्या बाईच्या नावावर ना जमीन ना घर, तिची ती एकमेव शिल्लक. सराफाकडे पिढ्यान्‌पिढ्या जाण्याचे कारणही हेच : त्याने घडवलेला दागिना तोच पुढे कसोटीवर घासून परत घेई. नियमाने नेमका हा व्यवहार मोडला.

कारागिरांचे हाल तर विचारू नका. भर घातलेले सोने कडक होते, तार ओढताना पुनःपुन्हा तापवावे लागते, ठुशीच्या बारीक मण्यांना ते सोसत नाही, आणि रंग असा की गिऱ्हाईक हातात घेऊन खाली ठेवते. हजारो सोनारांच्या भट्ट्या विझल्या, कित्येकांनी आत्महत्या केल्या. त्याच वर्षी, गिऱ्हाइकाच्या जुन्या सोन्यातून जास्त कसाचा दागिना घडवायची मुभा कारागिरांना द्यावी लागली. 1966 मध्ये 14 कॅरेटची अट गेली. तस्करी काही थांबली नव्हती. इतक्या माणसांचा रोजगार घालवून हाती काहीही न लागलेला हा निर्णय होता, आणि त्याचे समर्थन आजही पटत नाही.

1968 च्या कायद्याने परवाने, साठ्याची मर्यादा आणि नोंदवह्या कायम ठेवल्या. तो 1990 मध्ये रद्द झाला आणि मग पेढ्यांची दालने झाली, गावोगावी शाखा निघाल्या, भिशीसारख्या मासिक योजना आल्या. ज्यांच्याकडे भांडवल होते ते वाढले, गल्लीतला सोनार मजुरीवर आला.

हॉलमार्क, म्हणजे सोन्याच्या कसाची अधिकृत खूण, 2000 मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाला. जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल 2023 पासून हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण लागते. यावेळी सरकारने एकाच कसाची सक्ती केली नाही, ठरवून दिलेल्या कसांपैकी जो सांगितला तोच असावा असे बंधन घातले. 40 लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या छोट्या सराफांना त्यातून सूट आहे.