शिलावासी ऑर्किडांची घरगुती लागवड

उघड्या कातळावर, खडकाच्या भेगेत किंवा दगडावरच्या शेवाळाच्या थरात वाढणाऱ्या ऑर्किडांना (आमरींना) शिलावासी ऑर्किड म्हणतात. घरी ती दगडावर बांधून रुजवतात, नाहीतर खडी, विटांचे तुकडे आणि कोळसा भरलेल्या कुंडीत वाढवतात. मुंबईत ही हौस गॅलरी, खिडकीबाहेरची ग्रिल आणि फार तर इमारतीची गच्ची एवढ्याच जागेत भागवावी लागते. इथे ही झाडे तहानेने क्वचित मरतात. पावसाळ्यात मुळे सतत ओली राहून कुजतात, आणि जगलेली झाडे हिवाळ्यात पुरेशी विश्रांती न मिळाल्याने फुलत नाहीत. लागवडीचे सगळे तंत्र या दोन अडचणींभोवती फिरते.

वृक्षवासी आणि शिलावासी ऑर्किडांत काटेकोर सीमारेषा नाही. आंब्याच्या खोडावर दिसणारी जात शेजारच्या कातळावरही तितकीच सुखाने राहते. दगड झाडाला खाऊ घालत नाही, फक्त धरून ठेवतो. अन्न मिळते ते पावसाच्या पाण्यातून, धुळीतून आणि भेगेत अडकलेल्या पाचोळ्यातून. मुळांवर मृत पेशींचे जाड आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते पाणी झटकन शोषते आणि आतल्या जिवंत मुळाला उन्हापासून जपते. कोरडे असताना मूळ रुपेरी पांढरे दिसते. फवारा मारला की आवरण पारदर्शक होते आणि बघता बघता आतला हिरवा रंग वर येतो. हा रंग ओळखता आला की पाणी मोजायची गरज उरत नाही. सकाळी भिजवलेले मूळ दुपारपर्यंत पुन्हा पांढरे पडायला हवे. संध्याकाळीही हिरवेच राहिले तर जागा कोंदट आहे असे समजावे, आणि पाणी कमी करण्याच्या आधी जागा बदलावी.

जाड पानांच्या बऱ्याच जाती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात. त्यामुळे सरकत्या काचा लावून बंद केलेली गॅलरी, दिवसा कितीही उजेडाची असली तरी, या झाडांना मानवत नाही. निदान एक काच रात्रभर उघडी हवी.

मुंबईच्या पाठीशीच सह्याद्री उभा असल्याने स्थानिक जातींची वानवा नाही. एच. सांतापाव आणि झेड. कपाडिया या वनस्पतिशास्त्रज्ञांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ साली निघाला. त्यातले बॉम्बे म्हणजे नुसते शहर नव्हे, पश्चिम घाटासह आसपासचा मोठा प्रदेश. घाटातल्या बेसाल्टवर आणि झाडांवर आढळणारी पॉरपॅक्स रेटिक्युलाटा ही या गटातली बहुधा सर्वांत विलक्षण जात. तिचे चपटे कंद शर्टाच्या गुंडीएवढे असतात, त्यांवर जाळीदार पापुद्रा असतो, आणि उन्हाळ्यात ते दगडावर वाळून चिकटलेल्या कचऱ्यासारखे दिसतात. पावसाला सुरुवात झाली की पानांच्या आधी तपकिरी-तांबडे फूल कंदाला चिकटूनच उमलते. डेंड्रोबियम बार्बाट्युलमची तऱ्हा उलटी. ते पावसाळ्यात पाने काढते, नंतर ती गाळते आणि हिवाळ्यात निष्पर्ण कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस धरते. फुलांचे दिवस सोडले तर दोन्ही झाडे कोरड्या महिन्यांत मेल्यासारखी दिसतात. नवखा माळी नेमका तेव्हाच दया येऊन पाणी घालतो.

बाजारातली सगळीच ‘रॉक ऑर्किड’ मुंबईसाठी नसतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातल्या खडकांवरचे डेंड्रोबियम किंगियानम दिसायला देखणे आणि चिवट आहे, पण फुलण्यासाठी त्याला हिवाळ्यात गार, कोरड्या रात्री लागतात. सांताक्रूझला जानेवारीतही किमान तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असते आणि कुलाब्याला त्याहूनही थोडे जास्त. इतक्या उबेत हे झाड कळ्यांऐवजी कांडीवर पिल्ले (छोटी नवी रोपे) काढत बसते. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यातल्या डोंगराळ कातळांवरील लेलिया ऑर्किडांचीही तीच गत. एसीची खोली हा त्यावर उपाय नाही. तिथे गारवा मिळतो, पण उजेड आणि हवेतला ओलावा दोन्ही जातात.

सखल, उष्ण प्रदेशातल्या जाती घ्याव्यात. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर खारफुटीत आणि समुद्राकाठच्या खडकांवर वाढणारी ब्रासाव्होला नोडोसा वरळी-वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यालाही दाद देत नाही. तिची हिरवट पांढरी फुले दिवसा निर्गंध वाटतात आणि रात्री गॅलरीभर दरवळतात. आग्नेय आशियातल्या वाळूत आणि खडकाळ जमिनीवर वाढणारी फॅलेनॉप्सिस पुल्चेरिमा (जुने नाव डोरायटिस) इथला उकाडा सहज सोसते. एपिडेंड्रम रॅडिकन्सची मुळे फुटलेली कांडी कापून लावली तरी रुजते, आणि भर उन्हाची गच्ची असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करावी. आपल्याकडचे सिंबिडियम अलॉइफोलियमही चालते, मात्र त्याचा पसारा ग्रिलमध्ये मावत नाही. चुनखडकावर वाढणाऱ्या पॅफिओपेडिलम नायव्हियमसारख्या जातींच्या मिश्रणात कालवांच्या शिंपल्यांचा चुरा घालतात. कोळणीकडून आणलेली शिंपली आधी आठवडाभर पाणी बदलत भिजवून त्यांतला खार काढावा लागतो.

दगडाची निवड वाटते तितकी किरकोळ नाही. काळा बेसाल्ट सगळीकडे मिळतो, पण पश्चिमेच्या गॅलरीत मे महिन्याच्या दुपारी तो हात टेकवता येणार नाही इतका तापतो. निसर्गात या जाती बहुधा सावलीच्या कड्यावर किंवा झाडोऱ्याखाली असतात, हे विसरले जाते. कोकणातला जांभा घरासाठी अधिक चांगला. तो सच्छिद्र असतो, पाणी धरतो आणि ते सोडताना गार राहतो. जांभ्याच्या चिऱ्यांचे बांधकाम चालू असेल तिथे फुटका तुकडा मिळू शकतो. सिमेंट लागलेला मात्र घेऊ नये.

झाड बांधण्याची योग्य वेळ म्हणजे नव्या मुळांची हिरवी टोके दिसू लागतात तेव्हा, साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस. जुनी मुळे दगडाला चिकटत नाहीत, नवी चिकटतात. दगड रात्रभर भिजवून त्याच्या खडबडीत अंगावर नारळाच्या काथ्याचा पातळ थर पसरावा, त्यावर झाड बसवून तंगुसाने (नायलॉनच्या बारीक दोऱ्याने) आवळावे. झाड हलता कामा नये, कारण नव्या मुळाचे कोवळे टोक एकदा घासले गेले की त्याची वाढ थांबते. कंदाचा बुडखा काथ्यात गाडू नये. पुढच्या हंगामात मुळांनी पकड घेतली की तंगूस कापून टाकावा. दगड आडवा न ठेवता तिरका किंवा उभा ठेवावा, म्हणजे पाणी निथळते.

मुंबईत वर्षाला २,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पावसात भिजणे या झाडांना आवडतेच, धोका असतो संततधारेचा. आठ-दहा दिवस उघडीप नसेल तर दगड छपराखाली, पण वाऱ्यावर घ्यावेत. कोंब काळा, पाणथळ होऊन हाताने सुटून आला तर ती काळी कूज असते. तो भाग निरोगी भागापर्यंत कापून काढतात, बुरशीनाशक लावतात आणि झाड काही दिवस कोरडे ठेवतात. नारळाची सोडणे व मॉस कुंडीत भरण्याची पद्धत कोरड्या गावांत ठीक, इथे जुलैत तीच मुळांच्या मुळावर येते. शेंब्या (बिनशंखाच्या गोगलगायी) आणि गोगलगायी कोवळी मुळे रात्रीतून फस्त करतात. त्या टॉर्च घेऊन वेचणे हाच खात्रीचा इलाज. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोरड्या दिवसांत येतात. कबुतरांसाठी जाळी लावण्यावाचून गत्यंतर नाही.

ऑक्टोबरपासून पाणी हळूहळू कमी करत नेतात. पानगळीच्या जातींना डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून एखादा हलका फवारा पुरतो, खत पूर्ण बंद. एप्रिल-मेमध्ये सकाळी रोज आणि गरज पडली तर संध्याकाळीही पाणी लागते. तलावांतून येणारे पालिकेचे पाणी कमी क्षारांचे असल्याने चालते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरल्यास दगडावर आणि मुळांवर पांढरा थर चढतो. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत वाढीच्या काळात लिटरला अर्धा ग्रॅम, आठ-दहा दिवसांनी एकदा, पुरेसे आहे. ओलाव्यासाठी दगडाखाली पाण्याचा ट्रे ठेवण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत हमखास असतो. मुंबईत तो टाळावा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि अळ्या सापडल्या तर पालिका दंडही करते.

ऑर्किडाचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजते. १९२२ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुइस नुडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर), बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवले. तेव्हापासून प्रयोगशाळेतली रोपे शक्य झाली. घरी बी पेरून काही हाती लागत नाही. गड्ड्याची विभागणी करावी, प्रत्येक भागात तीन-चार कंद ठेवून, किंवा रोपवाटिकेतून प्रयोगशाळेत वाढवलेले रोप घ्यावे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून किंवा कुठल्याही अभयारण्यातून झाड उपटून आणणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पॅफिओपेडिलमच्या सर्व रानटी जाती साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहेत, म्हणून ती झाडे घेताना रोपवाटिकेची पावती मागून ठेवावी.