पाचशे कनेक्शनचं गौडबंगाल

'लिंक्डइनवर पाचशे कनेक्शन (म्हणजे जोडलेल्या ओळखी) झाली की प्रोफाइल शोधात आपोआप वर येतं' हे वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यापायी लोक दिसेल त्याला रिक्वेस्ट धाडत सुटतात. मुळात 500 च्या पुढे गेलं की प्रोफाइलवर नेमका आकडा न दिसता नुसतं '500+' दिसतं, एवढंच. 501 असोत की 20,000, बघणाऱ्याला सारखंच. (कमाल मर्यादा 30,000 आहे, तिथवर कोण जातं, देव जाणे!)

ओळखी अगदीच निरुपयोगी नाहीत. आपल्या क्षेत्रातले लोक जोडलेले असतील तर त्यांच्या ओळखीच्यांपर्यंत आपलं नाव पोचतं. पण भरती करणारा माणूस शोधतो ते पद आणि कौशल्यं. आणि नेमकी तिथेच बोंब असते. नावाखालच्या हेडलाइनला 220 अक्षरांची जागा आहे, तिथे बहुतेकांचं 'एक्झिक्युटिव्ह' एवढंच लिहिलेलं. कसले एक्झिक्युटिव्ह? त्याऐवजी 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह | निर्यात बिलिंग, बँक ताळमेळ, एक्सेल' असं लिहा. यातला एकेक शब्द कुणीतरी शोधपट्टीत टाइप करणारा आहे. 'मेहनती' किंवा 'ध्येयवेडा' असं टाइप करून अकाउंटंट शोधणारा मला तरी अजून भेटलेला नाही.