न विचारता पाडलेला वड : कोकणातल्या वृक्षतोडीच्या वादांमागचा इतिहास

झाडाच्या बुंध्यावर पिवळ्या रंगात आकडा दिसला की आता पोटात गोळा येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तिठ्यावरच्या वडावर असाच आकडा पडला. कोणी घातला, कशासाठी, हे विचारायला माणसे गेली तर एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवायची, दुसरी तिसरीकडे. आठवडाभरात वड आडवा झाला. काही दिवस नुसता पार उरला, मग तोही गेला. रस्ता रुंद व्हायला हवा, याबद्दल गावात दुमत नव्हते. या रस्त्यावरच्या अपघातांत माणसे गमावलेली घरे इथे कमी नाहीत. तरीही त्या दिवशी माणसे चिडली होती, आणि ती कशावर चिडली होती हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विषय येतो. गलबतांना, तारवांना लाकूड लागणारच. ते कुठून आणायचे? साग वगैरे रानातले लाकूड परवानगीने तोडावे, पण आंबा-फणसाला हात लावू नये, अशी सक्त ताकीद तिथे आहे. कारणही दिले आहे: ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे; जबरदस्ती करू नये. कोकणाचा किनारा हे या आरमाराचे घर होते, म्हणजे हा हुकूम आपल्याच आंब्या-फणसांबद्दलचा आहे. लढाऊ जहाजांची निकड असतानाही राज्यकर्त्याने झाडाच्या मालकाला विचारायचे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गावपातळीवर विचारण्याची दुसरी रीत होती, अजूनही आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटीतल्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातल्या, झाडाला कोणी सहज कुऱ्हाड लावत नाही. देवळाच्या दुरुस्तीला वासा हवा असला तरी आधी गाऱ्हाणे घालायचे, कौल घ्यायचा, मानकऱ्यांना बसवून बोलायचे. यात देवाचा धाक होता हे खरे. पण त्याबरोबर दहा माणसांसमोर कारण सांगावे लागत होते आणि नकार मिळण्याची शक्यता शिल्लक होती. आजच्या परवानगीच्या कागदात नेमकी तीच उणीव भासते.

इंग्रजी अमदानीत आणि नंतर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या काळात रस्ते झाले, त्यांच्या दुतर्फा वड, आंबा, जांभूळ, चिंच लागली. बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे मारले जात. पुढे शहरांमध्ये गुलमोहर आणि वर्षावृक्ष आले, एक मादागास्करचा, दुसरा मध्य-दक्षिण अमेरिकेचा. लवकर वाढणारी, भरपूर सावलीची झाडे म्हणून ती लावली गेली.

कायदा आला तो दोन तुकड्यांत, आणि आजचे निम्मे वाद त्या फटीत पडतात. पहिला १९६४ चा, महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम. त्याच्या अनुसूचीत १६ जाती आहेत: साग, आंबा, फणस, हिरडा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ, अगदी खाडीतली तिवरसुद्धा. वड-पिंपळ त्यात नाहीत. लाकूड म्हणून ज्याला किंमत, त्याची नोंद. सावलीचा विचार त्या यादीला करायचाच नव्हता. दुसरा १९७५ चा, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. यात सगळ्या जाती आल्या, तोडीच्या परवानग्या बघणारे वृक्ष प्राधिकरण आले, दर पाच वर्षांनी झाडांची गणना आली. वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः झाड पाहायचे, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, झाडावर नोटीस चिकटवायची, हरकती ऐकायच्या. मात्र हा कायदा नागरी हद्दीपुरता. चिपळूण, रत्नागिरी, अलिबाग, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला इथल्या नगरपरिषदांच्या हद्दीतल्या वडाला निदान कागदावर सुनावणी आहे. हद्दीची पाटी ओलांडून ग्रामपंचायतीच्या भागात गेले की त्याच वडासाठी नोटीसही नाही आणि हरकतही नाही. मुंबई-गोवा महामार्ग, आधीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, चौपदरी करायचे काम २०११ पासून पनवेलच्या बाजूने सुरू झाले, तेव्हा त्यावरची बहुतेक जुनी झाडे या दुसऱ्या भागात होती. आमच्या तिठ्यावरचा वडही.

नगरपरिषदांच्या हद्दीत दुसराच शब्द वादाचे मूळ ठरला: धोकादायक. जीविताला किंवा मालमत्तेला धोका असलेले झाड काढायला कायद्याने वाट ठेवली आहे, आणि ती ठेवायलाच हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीच्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले. त्या वादळांत ज्यांच्या कौलांवर माड पडला त्यांना कोणी झाडाचे प्रेम शिकवू नये. भीती खरी आहे.

पण झाड धोकादायक होते कसे, हेही बघायला हवे. कोकणात जांभ्याच्या कातळावर मातीचा थर पातळ असतो, मुळे खोल न जाता आडवी पसरतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ती माती सैल करतो. गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तुटतात. राहिलेल्या बाजूला बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसतात आणि मुळांना हवा-पाणी मिळत नाही. वीजवाहिन्यांसाठी फांद्या एकाच अंगाने छाटल्या की तोल दुसरीकडे जातो. वडाचे तर अधिकच वाईट. वड पारंब्यांवर उभा राहतो, म्हातारपणी त्याच त्याच्या काठ्या असतात. रस्त्यावर लोंबणाऱ्या पारंब्या वाहतुकीला अडथळा म्हणून वर्षानुवर्षे कापल्या जातात, त्यांचे खांब कधी होतच नाहीत. मग एके वर्षी पावसाळ्याआधी निघणाऱ्या मे महिन्याच्या यादीत तो वड धोकादायक म्हणून येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतल्या झाडांबाबत २०१३ मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले होते. आपल्या बाजारपेठांमधून चालताना तेवढे मोकळे आळे किती झाडांना आहे, ते मोजून पाहावे.

वृक्षतोडीचा वाद घरोघरी पोहोचला तो मुंबईतल्या आरे वसाहतीमुळे. मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांबाबत मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१०० हून अधिक झाडे पडली होती आणि २९ आंदोलकांना अटक झाली होती. पुढे ८४ झाडांची मुभा मिळालेली असताना १७७ झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले. कारशेड कुठे हवी यावर मुंबईतही दोन मते होती. लोकांच्या मनात राहिली ती रात्र.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात नगरपालिकेने २०१२ मध्ये रस्ते-दुरुस्तीचे २५ वर्षांचे कंत्राट दिले. शहराच्या सुमारे ३६,००० रस्त्याकडेच्या झाडांपैकी १७,५०० बदलण्याचा आकडा त्या करारात होता, आणि तो लोकांना कित्येक वर्षांनी कळला. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास पोलीस घेऊन माणसे आली, लोकांना गाड्या हलवायला उठवले आणि आठ झाडे पाडली. विरोध करणाऱ्यांमध्ये सत्तरीच्या दोन महिला होत्या, त्यांना अटक झाली. २०१८ मध्ये तोड थांबवावी लागली. सर मार्क लोकॉक यांचा चौकशी अहवाल मार्च २०२३ मध्ये आला आणि नगरपालिकेने जाहीर माफी मागितली. तिथेही कारण ‘धोकादायक, रोगट, फरशी उचलणारी झाडे’ हेच होते. अहवाल वाचताना मला आमचा तिठा आठवत होता.

आपल्याकडे १९७५ चा नागरी कायदा बदलला २०२१ मध्ये. ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले गेले, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके तितकी रोपे लावायची, ती रोपेही सहा-आठ फुटांची, सात वर्षे जगवायची, अशी अट आली. पूर्वी एका झाडाला एक-दोन रोपे दाखवली की काम भागायचे, त्यामानाने हे मोठे पाऊल आहे. पण उभ्या झाडाचे वय कोणी आणि कसे ठरवायचे, हा नवा वाद त्यातून निघाला. घेर मोजून अंदाज बांधणारा जर काम लवकर उरकायच्या बाजूचा असेल, तर सत्तर वर्षांचा वड पंचेचाळीसचा व्हायला वेळ लागत नाही.

झाडाची पैशातली किंमतही त्याच वर्षी देशापुढे आली. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याच्या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हिशेब केला: झाडाचे मोल त्याच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये, आणि शंभरी ओलांडलेला वृक्ष एक कोटीहूनही अधिकचा. त्या आकड्यांवर तज्ज्ञांनी वाद घालावा. मला त्यातली एकच गोष्ट पटते, की म्हातारे झाड हे तरुण झाडापेक्षा जास्त किमतीचे आहे हे कोणीतरी कागदावर लिहिले. लाकडाच्या हिशेबात पोकळ झालेला वड कवडीमोल ठरत आला आहे.

याच काळात कोकणातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपल्या आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत तिथे प्रशासक होते. म्हणजे नवा कायदा अमलात यायच्या पहिल्याच वर्षांत, वॉर्डातल्या झाडासाठी ज्याच्या दारात जाऊन भांडावे असा निवडून आलेला माणूस नव्हता. हरकत द्यायची ती खिडकीवर, पोच घ्यायची, आणि वाट बघायची.

आता नगरपरिषदांची सभागृहे पुन्हा भरली आहेत. रेवस-रेडी सागरी महामार्गाची कामे किनाऱ्याने पुढे सरकत आहेत, आणि पावसाळ्याआधी धोकादायक झाडांच्या याद्या नेहमीप्रमाणे निघतील. त्या यादीत झाडाची जात, घेर, पाहिल्याची तारीख, पाहणाऱ्याचे नाव आणि धोका नेमका काय हे लिहिलेले आहे का, ते बघता येते. शहराची शेवटची वृक्षगणना कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. आणि बुंध्यावर आकडा पडला पण नोटीस दिसली नाही, तर करवत यायच्या आधी नगरपरिषदेत जाऊन नोटीस कुठे आहे एवढे विचारायचे. आमच्या तिठ्यावर विचारायला नोटीसच नव्हती.