माथेरानचे घोडे: घाटापासून पेव्हर ब्लॉकपर्यंत

माथेरानच्या अश्वपालांची आणि ई-रिक्षांची भांडणं बातम्यांत येतात तेव्हा ती नव्या-जुन्याची लढाई म्हणून रंगवली जातात. खरं तर इथल्या तबेल्यांवर हा काही पहिला घाला नाही. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून आला, पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनच्या काळात इथे बंगले उभे राहिले. तेव्हा नेरळहून वर यायचं तर तट्टू, पालखी नाहीतर आपले पाय. सुमारे सात मैलांचा तो चढ म्हणजे घोडेवाल्याच्या घरची चूल. 1907 मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फुटी गेजची छोटी रेल्वेगाडी सुरू झाली आणि त्या चढावरचं बरंचसं गिऱ्हाईक डब्यात जाऊन बसलं. पुढे मोटारींचा रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. घोड्याच्या वाट्याला उरले दस्तुरी ते बाजारपेठ हे अडीच-तीन किलोमीटर आणि पॉइंटांची चक्कर.

एवढ्याशा अंतरावर इतकी घरं जगली, कारण पुढे मोटारींना बंदी. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्राने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आणि ही बंदी आणखी पक्की झाली. प्रवासी घोड्यांची संख्या 460च्या आसपास सांगितली जाते. शिवाय मालवाहू घोडे वेगळे. गॅस सिलिंडर, भाजी, विटा, सिमेंट, हॉटेलांचं सामान हे सगळं त्यांच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून वर येतं. घोड्यांसाठीचं गवत आणि चंदी म्हणजे दाणाही दस्तुरीहून पुढे याच मार्गाने. म्हणजे घोडा स्वतःचं जेवणसुद्धा स्वतःच वाहून आणतो!

तबेला बहुतेकदा घराला लागून, पत्र्याचा. उजाडायच्या आत लीद काढायची, पाणी दाखवायचं, तोबरा (दाण्याची पिशवी) तोंडाला बांधायचा, खरारा करून अंग घासायचं, मग खोगीर चढवून त्याचा पट्टा म्हणजे तंग आवळून दस्तुरीला नंबर लावायला निघायचं. तोबरा नि लीद बायका-पोरांकडे, गिऱ्हाईक पुरुषांकडे, अशी वाटणी अनेक घरांत असते. नाल साधारण महिना-दीड महिन्याने बदलावे लागतात; नालबंद वेळेवर आला नाही की घोडा घरी, आणि घोडा घरी म्हणजे कमाई शून्य, खाणं मात्र पूर्ण. पावसाळ्यातलं गणित तर नेहमीच उलटं: पर्यटक कमी, गवत महाग, खूर ओले. दिवाळी, नाताळ आणि मे महिना या तीन हंगामांनी वर्ष तारून न्यायचं. मे महिन्यात ऑलिंपिया या रेसकोर्सवर शर्यतींची हौस भागायची ती वेगळी.

माझ्या मते तबेल्यांवरचं खरं संकट रिक्षा नसून पायाखालची जमीन आहे. लाल माती पावसात वाहून जाते, उन्हाळ्यात तिच्या धुळीत वाळलेली लीद मिसळते आणि ती नाकातोंडात जाते. ही तक्रार खोटी नाही. म्हणून रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले. ई-रिक्षालाही चढ चढायला तेच सोयीचे. पण ओल्या ब्लॉकवर लोखंडी नाल घसरतो आणि कडक पृष्ठभागाचे हादरे थेट घोड्याच्या सांध्यांना बसतात. मातीवर घोडा पाऊल रोवतो. ब्लॉकवर त्याला रोवायला काही सापडत नाही. अश्वपाल संघटना न्यायालयात गेल्या त्यामागे हेही एक कारण होतं. त्यांना फक्त धंद्याची स्पर्धा नको होती असं म्हणणं अर्धंच खरं आहे. अर्थात, तेही होतंच.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांना प्रायोगिक परवानगी दिली आणि डिसेंबरपासून सात रिक्षा धावू लागल्या. त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना मिळाव्यात, ही अट पुढे स्पष्ट झाली. हातरिक्षांचे परवाने होते 94. माणसाने माणसाला ओढायचं ही प्रथा बंद व्हावी, याला विरोध करणं कुणालाच शोभणारं नव्हतं. घोडेवाल्यांची अडचण अशी की त्यांच्यासाठी अशी पर्यायी योजना चर्चेत फारशी आलीच नाही. मधल्या काळात त्यांच्याच काहींनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. ‘गाडी बंद आहे, रिक्षा मिळत नाही’ असं सांगून पर्यटकांना घोड्यावर बसवण्याचे प्रकार इतके वाढले की मार्च 2025 मध्ये या फसवणुकीविरोधात माथेरानकरांनीच गाव बंद ठेवलं.

6 ऑगस्ट 2025च्या आदेशात न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं. दस्तुरी ते शिवाजी महाराज पुतळा या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना मुभा दिली, मात्र खाली काँक्रीट न घालता. आतले रस्ते आणि घोड्यांच्या वाटा यांवर ब्लॉक नकोत, असंही बजावलं. म्हणजे पॉइंटांकडच्या वाटांवर नालांखाली अजून माती आहे. दस्तुरीहून गावात येणारं गिऱ्हाईक मात्र आता घोडेवाल्याचं एकट्याचं राहिलेलं नाही, आणि तबेल्याचा रोजचा खर्च बराचसा त्याच फेऱ्यांवर चालत होता.