शाळेजवळ सुगंधित तंबाखू किंवा ई-सिगारेट विकली जात असल्यास तक्रार कुठे व कशी करावी

महाराष्ट्रात अशी तक्रार लिहायला घेण्यापूर्वी टपरीवर नेमका कोणता माल विकला जातो ते नीट पाहावे. मालानुसार कायदा बदलतो आणि कायद्यानुसार कार्यालय. हे न पाहता लिहिलेला अर्ज टेबलांवरून फिरत राहतो आणि तोवर शाळेच्या दारातली विक्री चालूच असते.

गुटखा, पानमसाला, सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातील सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे करावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३० नुसार अन्न सुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी एखाद्या पदार्थावर जास्तीत जास्त एक वर्ष बंदी घालता येते, आणि राज्यात २०१२ पासून असे आदेश वेळोवेळी काढले गेले आहेत. म्हणूनच अर्जात जुना आदेश क्रमांक उतरवून न घेता चालू आदेशाचा क्रमांक व दिनांक द्यावा.

ई-सिगारेटची तक्रार मात्र पोलीस ठाण्यात द्यावी. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, वाटप आणि जाहिरात देशभर बंद केली असून, तिच्यात निकोटीन नाही, केवळ फळांचा स्वाद आहे, हा विक्रेत्याचा बचाव टिकत नाही. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा केलेल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५ लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसता साठा करणे हाही गुन्हाच आहे.

साधी तंबाखू, विडी आणि सिगारेट यांना २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा लागू होतो. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, तसेच १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करण्यास मनाई आहे. हे अंतर संस्थेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजतात, रस्त्याच्या वळणांनुसार नव्हे. येथील दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, आणि तो फारच अपुरा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु माल प्रत्यक्ष मुलाच्या हाती दिला गेला असेल, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून अर्जात या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

तक्रार पालक, शिक्षक, रहिवासी अशा कोणालाही करता येते आणि त्यासाठी साध्या कागदावरचा अर्ज पुरतो. त्यात दुकानाचे ठिकाण जवळच्या खुणेसह, विक्रीची वेळ, पदार्थाचे नाव आणि शाळेपासूनचे अंतर लिहावे. दुकानाचे छायाचित्र, रिकाम्या पुड्यांची छायाचित्रे आणि साधा हाती काढलेला नकाशा जोडावा, आणि नाव गोपनीय ठेवायचे असल्यास तशी विनंती अर्जातच करावी. पुरावा मिळवण्यासाठी कोणत्याही मुलाला खरेदीला पाठवू नये. ज्याला वाचवायचे त्याच्याच हाती पुडी देणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक व सहीसह पोच घ्यावी. ई-सिगारेट विक्रीचा गुन्हा दखलपात्र असल्यामुळे ठाण्यात तो नोंदवून घेण्यास नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे, किंवा शहरात पोलीस उपायुक्तांकडे, लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. अन्न व औषध प्रशासनाकडून काहीच कळले नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात तपासणीचा दिनांक, अहवालाची प्रत आणि जप्त मालाचा तपशील मागावा. त्याचे उत्तर साधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.