अनेक क्लस्टर, एक व्यवस्थापक : सपोर्टचा तक्ता कसा घडत गेला

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातल्या सर्व्हर रूममध्ये एक क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या संगणकांचा गट), क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये दुसरा आणि दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये एखाद्या लहानशा एआरएम बोर्डवर (मोबाइलमध्ये असतो तशा प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर) तिसरा. नाशिक परिसरात कंटेनरवर (लागणाऱ्या सगळ्या फाइलींसकट बांधलेल्या प्रोग्रॅमवर) काम करणाऱ्या टीमला अशी मांडणी आता नवी वाटत नाही. हे सगळं एकाच ठिकाणाहून सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली की चर्चा डॅशबोर्डवर रंगते. ते सॉफ्टवेअर कुबरनेटिसच्या (क्लस्टरवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या) कुठल्या आवृत्त्या सांभाळतं, कुठल्या लिनक्सवर बसतं, कुठला प्रोसेसर त्याला चालतो, हा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. त्याचं उत्तर सपोर्ट मॅट्रिक्स नावाच्या कंटाळवाण्या तक्त्यात असतं. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना काहीतरी मोडल्यानंतर जोडला गेलेला आहे.

कंटेनर बनवण्याचं आणि चालवण्याचं साधन डॉकर लोकांसमोर आलं मार्च २०१३ मध्ये. जून २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटिस जाहीर केलं आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्या काळात कुबरनेटिस हा अनेकांपैकी एक पर्याय होता; मेसॉस होतं, डॉकरचं स्वतःचं स्वॉर्म होतं. क्लस्टर सांभाळणाऱ्या रँचर या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पिढीत कॅटल, स्वॉर्म, मेसॉस आणि कुबरनेटिस असे चारही पर्याय मिळत. म्हणजे तेव्हा ‘सपोर्टेड आहे का’ या प्रश्नाचा अर्थ ‘तुमचा ऑर्केस्ट्रेटर (कंटेनर कुठे चालवायचे ते ठरवणारी प्रणाली) कोणता’ एवढाच होता. २०१७ च्या अखेरीस डॉकरने आपल्या उत्पादनात कुबरनेटिस घेतलं, अॅमेझॉनने ईकेएस ही आपली तयार कुबरनेटिस सेवा जाहीर केली आणि तो वाद मिटला. मे २०१८ मध्ये आलेलं रँचर २.० फक्त कुबरनेटिसवर उभं होतं.

आता सोपं होईल, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण अनेक क्लस्टर एकत्र चालवण्याचा कुबरनेटिस प्रकल्पाचा स्वतःचा प्रयत्न तोवर अडखळला होता. जुलै २०१६ च्या १.३ आवृत्तीत फेडरेशन आलं. त्याची कल्पना अशी होती की सगळ्या क्लस्टरांच्या वर एक वेगळा एपीआय सर्व्हर (बाहेरच्या विनंत्या घेणारा) बसवायचा आणि त्याने कुबरनेटिसचेच प्रकार (डिप्लॉयमेंट, सर्व्हिस वगैरे) हुबेहूब पुढे मांडायचे. अडचण याच हुबेहूबपणात होती. खालच्या क्लस्टरमध्ये नवा प्रकार आला की वरही त्यासाठी कोड लिहावा लागे, आणि खाली काही बदललं की वरचं मागे पडे. २०१८ पासून त्याची दुसरी पिढी, क्यूबफेड, कस्टम रिसोर्सच्या (वापरणाऱ्याने स्वतः घडवलेल्या प्रकारांच्या) आधारे नव्याने बांधली गेली. साचा, नेमणूक आणि क्लस्टरनिहाय फेरफार हे त्यात वेगळे काढले होते. रचना कितीतरी सुधारली, तरी तेही बीटाच्या पुढे गेलं नाही आणि २०२३ मध्ये बंद झालं. या दोन प्रयत्नांतून मी एक गोष्ट ठाम धरली आहे : व्यवस्थापक खालच्या क्लस्टरची जेवढी नक्कल करतो, तेवढी त्याची सपोर्टची यादी आखूड होते.

दरम्यान नोव्हेंबर २०१७ मध्ये सीएनसीएफने (कुबरनेटिस सांभाळणाऱ्या संस्थेने) प्रमाणित कुबरनेटिसचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच फेरीत ३२ वितरणं (कुबरनेटिसचे तयार संच) आणि प्लॅटफॉर्म प्रमाणित झाले. ठरलेल्या चाचण्या चालवायच्या, निकाल जमा करायचे आणि प्रमाणपत्र टिकवायला नव्या आवृत्तीवर ते पुन्हा करायचं. मला हे या सगळ्या प्रवासातलं सर्वात मोलाचं पाऊल वाटतं, कारण त्याआधी ‘कुबरनेटिस’ या नावाखाली कोण काय विकेल याला धरबंध नव्हता. पण प्रमाणपत्र बोलतं ते स्थिर एपीआयबद्दल. खाली कुठलं लिनक्स आहे, स्टोरेज कुठलं आहे, लोड बॅलन्सर (येणारा भार वाटून देणारा) आहे की नाही, यावर ते काहीच म्हणत नाही. दोन प्रमाणित क्लस्टर एकाच व्यवस्थापकाखाली सारखेच वागतील ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरते.

मग आल्या एपीआय काढून टाकण्याच्या लाटा. सप्टेंबर २०१९ च्या १.१६ मध्ये डिप्लॉयमेंटचे (प्रोग्रॅमच्या किती प्रती चालाव्यात हे सांगणाऱ्या प्रकाराचे) जुने बीटा मार्ग गेले. ऑगस्ट २०२१ च्या १.२२ ने त्याहून मोठा घाव घातला. इन्ग्रेसचं (बाहेरची वेब विनंती आतल्या योग्य सर्व्हिसकडे नेणाऱ्या नियमांचं) उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. त्याचं स्थिर व्ही१ रूप आलं १.१९ मध्ये आणि बीटा रूप गेलं १.२२ मध्ये. नुसती वरची ओळ बदलून भागत नव्हतं. सर्व्हिसचं नाव आणि पोर्ट एक पायरी आत गेले, पाथटाइप (पत्ता कसा जुळवायचा ते) लिहिणं सक्तीचं झालं. आता कारखान्यातला क्लस्टर १.१८ वर अडकलाय आणि क्लाउडवरचा १.२२ वर पोचलाय असं धरा. पहिल्याला नवं रूप कळत नाही, दुसऱ्याला जुनं. दोन्हीकडे चालेल अशी एकही इन्ग्रेस फाइल लिहिता येत नाही. एका क्लस्टरवाल्याने हे अपग्रेडच्या दिवशी सोसलं आणि विसरला. अनेक क्लस्टरवाल्याला दोन्ही रूपं महिनोन्‌महिने बाळगावी लागली.

व्यवस्थापक सॉफ्टवेअरचीही तीच गत झाली. त्यांचे एजंट (क्लस्टरमध्ये बसून व्यवस्थापकाची कामं करणारे छोटे प्रोग्रॅम) स्वतःच कस्टम रिसोर्सच्या व्याख्या घेऊन क्लस्टरमध्ये शिरतात, आणि त्या व्याख्यांचं बीटा रूपही १.२२ मध्येच गेलं. तेव्हापासून तक्त्यातल्या वरच्या मर्यादेला वजन आलं. खालची मर्यादा सगळ्यांना समजते : फार जुनं असेल तर चालणार नाही. वरची मर्यादा मात्र हमखास नजरेतून सुटते. क्लाउडवरचा क्लस्टर कोणीतरी उत्साहाने पुढच्या आवृत्तीवर नेतो आणि व्यवस्थापकाने त्या आवृत्तीवर अजून चाचणीच केलेली नसते. म्हणून आधी व्यवस्थापक, मग क्लस्टर, हा अपग्रेडचा क्रम पाळावा.

डिसेंबर २०२० मध्ये एकाच महिन्यात दोन खांब हलले. कुबरनेटिसने डॉकरशिम (डॉकरशी जोडणारा दुवा) सोडणार असल्याचं कळवलं आणि मे २०२२ च्या १.२४ मध्ये ते खरोखर काढलं. त्याच महिन्यात सेंटओएस ८ या लिनक्सचा सपोर्ट २०२९ ऐवजी ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल असं जाहीर झालं. ज्यांच्या सर्व्हर रूममध्ये सेंटओएस आणि त्यावर डॉकर असा जोड होता, त्यांना तक्त्यातले दोन रकाने एकदम बदलावे लागले. सेंटओएस ७ वाल्यांना ३० जून २०२४ पर्यंत मुदत मिळाली. रँचरचं डॉकरवर बेतलेलं जुनं वितरण आरकेई १ देखील ३१ जुलै २०२५ ला संपलं. त्याची जागा घेणारं आरकेई २ डॉकरऐवजी कंटेनरडी वापरतं. आरकेई १ वरून २ वर थेट अपग्रेड नाही, नवा क्लस्टर उभारून त्यात काम हलवावं लागतं. ज्यांनी हे शेवटपर्यंत लांबवलं त्यांचे हाल मी पाहिले आहेत, आणि त्यात चूक तंत्रज्ञांची कमी व अपग्रेडला वेळच न देणाऱ्या वेळापत्रकाची जास्त होती.

प्रोसेसरचा रकाना पॅकहाउससारख्या ठिकाणांमुळे महत्त्वाचा झाला. २०१९ मध्ये आलेलं केथ्रीएस हे कुबरनेटिसचं हलकं वितरण शंभर एमबीहून लहान एकाच बायनरीत (चालवायच्या फाइलीत) बसतं आणि एआरएमवर चालतं. पण क्लस्टर एआरएमवर चालला म्हणजे व्यवस्थापकाचा एजंट चालेलच असं नाही. एजंटची इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो साचा) फक्त इंटेल-एएमडी धाटणीची असेल तर पॉड (कंटेनर चालवणारं कुबरनेटिसचं एकक) पुन्हापुन्हा पडतो आणि लॉगमध्ये एकच ओळ दिसते : ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. इमेज दोन्ही प्रोसेसरांसाठी बांधून एकाच नावाखाली ठेवण्याची सोय बरीच आधीपासून आहे; ती प्रत्येक पूरक घटकासाठी वापरली आहे का, हे मात्र एकेक इमेज उघडून तपासावं लागतं. विंडोज नोडचा (क्लस्टरमधल्या विंडोज संगणकाचा) सपोर्ट मार्च २०१९ च्या १.१४ मध्ये स्थिर झाला, तोही फक्त वर्कर म्हणून, म्हणजे काम करणारा संगणक, नियंत्रण करणारा नव्हे.

२०२१ मध्ये सीएनसीएफमध्ये दाखल झालेले करमाडा आणि ओपन क्लस्टर मॅनेजमेंट हे अनेक क्लस्टर सांभाळणारे प्रकल्प फेडरेशनच्या अनुभवातून शिकलेले दिसतात. करमाडा कुबरनेटिसचे मूळ प्रकार जसेच्या तसे स्वीकारतं आणि कुठे पाठवायचं ते वेगळ्या धोरणात लिहितं. ओपन क्लस्टर मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक क्लस्टरमधला एजंट स्वतः मध्यवर्ती हबकडे जाऊन काम घेऊन येतो. करमाडातही तशी पद्धत निवडता येते. पॅकहाउसला स्थिर पब्लिक आयपी नसतो, फोर-जीच्या सिमवर सगळं चाललेलं असतं, तिथे बाहेरून आत शिरणारा व्यवस्थापक कामाचाच नाही. आतून बाहेर जाणारी एक जोडणी मिळाली की एजंटचं काम होतं. जुळणीचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ आटोपशीर होतो : एजंटला काय लागतं, एवढंच पाहायचं.

उरतो काळाचा रकाना. २०२१ पासून कुबरनेटिसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला साधारण चौदा महिने सपोर्ट मिळतो. मुदत संपलेल्या आवृत्तीवर राहायचं तर पैसे मोजावे लागतात. ईकेएसवर क्लस्टरमागे तासाला ०.१० डॉलर लागतात, ते वाढीव सपोर्टमध्ये ०.६० होतात. नाशिकला याचा हिशोब सिंहस्थाशी घालावा लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली १.३४ आवृत्ती ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते, आणि ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. गर्दी, पार्किंग, वाहतूक यांपैकी कशाचंही काम घेणाऱ्या टीमने त्या आवृत्तीवर क्लस्टर उभे केले असतील, तर व्यवस्थापक आणि त्याखालचे सगळे क्लस्टर एकदा तरी, बहुधा दोनदा, पुढे न्यावे लागतील. आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउसवाले तुम्हाला त्यांच्या बोर्डाला हात लावू देणार नाहीत. २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत अपग्रेडसाठी मोकळे आठवडे कोणते उरतात, ते आताच कॅलेंडरवर मांडून ठेवलेलं बरं.