‘तेर’ या शब्दाचे दोन अर्थ : आर्मेनियातील पुरुष, चर्च आणि कौटुंबिक हिंसा

आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चच्या विवाहविधीत धर्मगुरू वराला विचारतात, ‘तू तेर आहेस का?’ आणि वधूला विचारतात, ‘तू आज्ञाधारक आहेस का?’ दोघांनीही होकार दिल्यावर विधी पुढे सरकतो. ‘तेर’ म्हणजे स्वामी. परमेश्वरालाही हाच शब्द, धर्मगुरूंना हाक मारतानाही हाच शब्द आणि घराच्या मालकालाही हाच. परंतु त्याच शब्दापासून झालेल्या एका वाक्प्रचाराचा अर्थ एखाद्याच्या पाठीशी उभे राहणे, त्याची जबाबदारी अंगावर घेणे असा होतो. नवऱ्याला ‘धनी’ किंवा ‘मालक’ म्हणणाऱ्या पिढ्या पाहिलेल्या मराठी वाचकाला या प्रश्नातील पेच समजावून सांगण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांत आर्मेनियातील पुरुषांना आणि चर्चला कौटुंबिक हिंसेच्या प्रतिबंधात सामील करून घेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांच्या मुळाशी हाच पेच आहे. धर्माने पुरुषाला दिलेले स्थान मालकीचे आहे की सांभाळण्याचे, या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाला अजून एकमताने देता आलेले नाही.

हा प्रश्न बाहेरून आलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. परंपरेनुसार इसवी सन ३०१ मध्ये राजा त्रदात याने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. त्या धर्मांतराची कथा आगाथांगेलोस या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाचव्या शतकातील इतिहासात येते आणि तिची सुरुवातच एका पुरुषाच्या जबरदस्तीने होते. रोमन सम्राटाच्या मागणीपासून पळून आलेल्या ह्रिप्सिमे नावाच्या तरुणीला त्रदात बळाने आपली करू पाहतो, ती त्याच्याशी झुंजते आणि शेवटी तिला, तिच्या गुरू गायाने यांना व सोबतच्या स्त्रियांना ठार मारले जाते. त्यानंतर राजा वेडापिसा होतो. त्याची बहीण खोसरोविदुख्त हिला पडलेल्या स्वप्नामुळे तेरा वर्षे अंधारकोठडीत असलेल्या ग्रिगोर या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना बाहेर काढले जाते आणि राजा बरा होतो. या कथेतला पश्चात्ताप शब्दांवर थांबत नाही, आणि मला तिचे महत्त्व तिथेच वाटते. ह्रिप्सिमेच्या समाधीस्थानासाठी राजा स्वतः मासिस पर्वतावरून, म्हणजे अरारातवरून, मोठमोठे दगड खांद्यावर वाहून आणतो. इसवी सन ६१८ मध्ये बांधलेले संत ह्रिप्सिमेचे चर्च आजही वाघार्शापात शहरात उभे आहे. ज्या चर्चच्या स्थापनेच्या कथेत गुन्हेगार पुरुषाला अंगमेहनतीने प्रायश्चित्त घ्यावे लागते, त्या चर्चकडे या विषयावर बोलण्यासाठी स्वतःचे शब्द नाहीत, असे कोणी म्हणू शकत नाही.

कायद्याच्या बाबतीतही तसेच आहे. ४४४ मध्ये शाहापिवान येथे भरलेल्या धर्मसभेच्या नियमांत, कारणाशिवाय बायकोला टाकून देणाऱ्या पुरुषाला दंड आणि टाकलेल्या स्त्रीला मालमत्तेत वाटा अशी तरतूद आहे. मखितार गोश या धर्मपंडिताने ११८४ मध्ये न्यायसंहिता लिहायला घेतली, तिच्यातही विवाह, घटस्फोट आणि पती-पत्नींची परस्परांविषयीची कर्तव्ये यांना मोठी जागा आहे. या जुन्या नियमांत समानता शोधणे चूक ठरेल, कारण ते त्यांच्या काळाचेच होते. तरीही नवराबायकोमध्ये घडणारे सगळे काही खासगी आहे, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. पुढे भारतातील मद्रास शहरी आर्मेनियन व्यापारी शाहामीर शाहामीरियान यांच्या मंडळाने स्वतंत्र आर्मेनियासाठी राज्यघटनेचा मसुदा तयार केला. १७७३ हे वर्ष छापलेल्या त्या ग्रंथात पुरुष असो वा स्त्री, प्रत्येकाने समानतेने राहावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

धर्मग्रंथ एकीकडे आणि खेड्यातले घर दुसरीकडे, असे अंतर मात्र पडत गेले. मोठ्या एकत्र कुटुंबात नव्या सुनेने सासऱ्याशी आणि इतर वडीलधाऱ्यांशी बोलायचे नाही, अशी प्रथा होती. काही भागांत हे मौन वर्षानुवर्षे चाले आणि त्या काळात सुना हातवाऱ्यांची एक स्वतंत्र खूणभाषा वापरत. ‘बायको म्हणजे लोकर, जितकी बडवाल तितकी मऊ होईल’ ही म्हण आर्मेनियात आजही सर्वांना ठाऊक आहे. तिच्या जोडीला ‘अमोत’, म्हणजे लाज, हा शब्द आहे. घरातली गोष्ट बाहेर सांगणे अमोत, माहेरी परत जाणे अमोत. मारणाऱ्याच्या वाट्याला मात्र ही लाज क्वचितच येते.

१९१८ ते १९२० या अल्पायुषी पहिल्या प्रजासत्ताकात स्त्रियांना मताधिकार होता आणि १९१९ च्या निवडणुकीत तीन स्त्रिया संसदेत निवडून आल्या. त्यानंतरच्या सोव्हिएत राजवटीने स्त्रियांना शिक्षण आणि नोकरी दिली, परंतु घरातील मारहाण हा ‘कुटुंबातला वाद’ राहिला. या काळाचा चर्चवर झालेला परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९३८ मध्ये कॅथॉलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, खोरेन पहिले यांची हत्या झाली, चर्च बंद पडली आणि धर्मगुरूंची संख्या मूठभर उरली. घरोघरी जाणे, कुटुंबातील ताणतणावांत सल्ला देणे, एखाद्या पुरुषाला त्याच्या वागण्याबद्दल विचारणे ही धर्मगुरूची नित्याची कामे दोन-तीन पिढ्या जवळजवळ थांबली. १९९१ नंतर चर्चला राष्ट्रीय प्रतिष्ठा चटकन परत मिळाली. २०१५ च्या सुधारित राज्यघटनेच्या १८ व्या कलमातही राष्ट्राचे आध्यात्मिक जीवन, संस्कृती आणि राष्ट्रीय ओळख जपण्यातील तिचे खास स्थान मान्य केलेले आहे. त्या तुटलेल्या रोजच्या कामाची सवय मात्र इतक्या लवकर परतणारी नव्हती.

जागतिक पातळीवर चर्चमध्येच एक वेगळी चर्चा सुरू झालेली होती. आर्मेनियन चर्च १९६२ मध्ये जागतिक चर्च परिषदेत सामील झाली. या परिषदेने १९८८ ते १९९८ हे दशक स्त्रियांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी वाहिले, त्या काळात विविध देशांतील सदस्य चर्चना भेटी देण्यासाठी गट पाठवले आणि जवळजवळ सर्वत्र त्यांच्या कानावर स्त्रियांवरील हिंसेच्या कहाण्या आल्या. त्या दशकाच्या उत्तरार्धात परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते आराम पहिले, म्हणजे लेबनॉनमधील अंतेलियास येथे पीठ असलेल्या किलिकियाच्या आर्मेनियन परंपरेचे कॅथॉलिकोस. याच आराम यांनी पुढे २०१० हे वर्ष ‘आर्मेनियन स्त्रीचे वर्ष’ म्हणून जाहीर केले. आर्मेनियातील एचमियाझिन येथील चर्चचे मुख्य पीठ आणि किलिकियाचे पीठ यांचा कारभार वेगळा असल्याने एकाची भूमिका दुसऱ्यावर लादता येत नाही. पण आर्मेनियन धर्मगुरूंना हा विषय ऐकूनही माहीत नव्हता, असे या इतिहासानंतर म्हणता येत नाही.

आर्मेनियाने १९९३ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला आणि १९९७ मध्ये येरेवानमध्ये महिला हक्क केंद्र सुरू झाले. निवारागृहे आणि मदत-दूरध्वनी उभे राहिले ते अशा स्वयंसेवी संस्थांच्या बळावर. ऑक्टोबर २०१० मध्ये वीस वर्षांची, तान्ह्या मुलीची आई असलेली एक तरुणी सासरच्या मारहाणीत मरण पावली. देशभर संताप उसळला आणि त्यातून स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांची आघाडी उभी राहिली. तरीही जानेवारी २०१३ मध्ये सरकारने कौटुंबिक हिंसेच्या कायद्याचा मसुदा नाकारला. त्याच वर्षी समान हक्क आणि संधींच्या कायद्यातील ‘जेंडर’ या एका शब्दावरून असे वादळ उठले की कुटुंब, राष्ट्र आणि धर्म एका बाजूला व स्त्रियांची सुरक्षितता दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी लोकांच्या मनात पक्की झाली. ही विभागणी खोटी होती आणि तिने फार नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये कायदा मंजूर झाला, तो या विभागणीची खूण नावातच घेऊन. हिंसेला प्रतिबंध आणि पीडितांचे संरक्षण यांच्यापुढे ‘कुटुंबात सलोख्याची पुनःस्थापना’ हे शब्द जोडले गेले. विरोधकांचा राग शमवण्यासाठी केलेली ही तडजोड होती. कायद्याने पोलिसांना ताकीद देण्याचा आणि मारणाऱ्याला वीस दिवसांपर्यंत घराबाहेर काढण्याचा अधिकार दिला, न्यायालयाला सहा महिन्यांपर्यंतच्या संरक्षण आदेशाचा अधिकार दिला आणि सोबत समेटाची तरतूदही ठेवली. जानेवारी २०१८ मध्ये आर्मेनियाने स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठीच्या, युरोपीय परिषदेच्या इस्तंबूल करारावर सही केली, पण अनुसमर्थनाचा प्रश्न आला तेव्हा, २०१९ मध्ये, एचमियाझिनने उघड विरोध केला. करार आणि आर्मेनियाची राज्यघटना यांच्यात विसंगती नाही, असे मत व्हेनिस आयोगाने, म्हणजे त्याच परिषदेच्या घटनाविषयक सल्लागार मंडळाने, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिले. तरीही अनुसमर्थन पुढे सरकले नाही.

पुरुषांना आणि धर्मगुरूंना सोबत घेण्याचे काम या वादाच्या सावलीत वाढले. वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेसारख्या संस्थांनी दोन पद्धतींचा आधार घेतला. पहिली दक्षिण आफ्रिकेतील चर्चमध्ये एचआयव्हीच्या साथीच्या काळात घडली होती. तिच्यात धर्मगुरूंना बाहेरची परिभाषा शिकवण्याऐवजी बायबलमधील उताऱ्यांवर त्यांच्याशी चर्चा केली जाई आणि नंतर तीच पद्धत स्त्री-पुरुष संबंधांच्या प्रश्नाकडे वळवली गेली. दुसरी पद्धत २०११ मध्ये सुरू झालेल्या मेनकेअर या जागतिक मोहिमेतून आली. तिच्यात तरुण बापांना बाळंतपण, बाळाची देखभाल आणि घरकाम यांच्या निमित्ताने एकत्र आणून रागाविषयी आणि अधिकाराविषयी बोलते केले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या पाठबळाने चाललेल्या ‘पापा स्कूल’ याच वाटेने गेल्या. पुरुषाला थेट आरोपी म्हणून बोलावले तर तो येत नाही, पण बाप म्हणून बोलावले तर बसतो, हा यामागचा साधा अनुभव आहे.

या पुरुषांची परिस्थितीही ध्यानात घ्यावी लागते. १९८८ चा भूकंप, १९९० च्या दशकातील अझरबैजानशी झालेले युद्ध व नाकेबंदी आणि रोजगारासाठी दर हंगामात रशियाला जाणारे हजारो बाप यांमुळे अनेक घरांत पुरुष वर्षाचे काही महिनेच असतो आणि परतला की आपला अधिकार नव्याने ठसवू पाहतो. अझरबैजानशी २०२० मध्ये झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धातून हजारो तरुण शरीराने व मनाने जखमी होऊन परतले, तर सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशातून एक लाखाहून अधिक लोक विस्थापित होऊन आले. यामुळे हिंसा समर्थनीय ठरत नाही. पण युद्धावर जाऊन आलेल्या मुलाच्या घरी जाण्यासाठी धर्मगुरूला निमंत्रण लागत नाही, तर समुपदेशकाला ते क्वचितच मिळते. चर्चला सोबत घेण्याचा आग्रह त्यामुळेच धरला जातो.

यात एक धोका आहे आणि तो झाकून ठेवण्यासारखा नाही. धर्मगुरूचे पहिले वळण सहसा समेटाकडे असते, आणि मार खाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने समेट म्हणजे अनेकदा त्याच घरात, त्याच हातांखाली परत जाणे. म्हणून अशा प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. स्त्री दाराशी आली, तर आधी तिची सुरक्षितता पाहायची, पोलिसांचा किंवा निवारागृहाचा मार्ग दाखवायचा आणि नवऱ्याशी जे बोलायचे ते वेगळे, तिला समोर न बसवता बोलायचे.

एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, ‘सलोख्याची पुनःस्थापना’ हे शब्द नावातून काढून टाकले आणि एकत्र न राहणाऱ्या जोडीदारांनाही संरक्षण दिले. त्यानंतर सरकार आणि एचमियाझिन यांच्यातील संघर्ष तीव्र झाला. २०२४ च्या सरकारविरोधी आंदोलनाचे नेतृत्व एका आर्चबिशपने केले आणि २०२५ मध्ये त्यांच्यासह काही वरिष्ठ धर्मगुरूंना अटक झाली. अशा वातावरणात एखाद्या जिल्ह्यातील धर्मगुरूने सरकारी समाजसेविकेबरोबर एकाच बैठकीला बसणे ही पूर्वीइतकी सोपी गोष्ट राहिलेली नाही. विवाहविधीतील तो प्रश्न मात्र तसाच विचारला जातो, आणि ‘तेर’चा अर्थ वराला समजावून सांगायचा की नाही, हे त्या त्या धर्मगुरूवर सोडलेले आहे.